कंपायलरने सुचवलं तसंच केलं, तरी एरर जात नाही

हल्ली कंपायलर नुसती एरर दाखवून थांबत नाही, सोबत उपायही सुचवतो: इथे सेमीकोलन टाका, हे नाव असं लिहायचं होतं का, अमुक हेडर फाइल जोडा. तसं केलं की ती एरर जाते आणि तिच्या जागी दुसरी येते. तीही सुचवल्याप्रमाणे काढली की तिसरी. तासाभराने प्रोग्रॅम मुळात होता त्याहून जास्त विस्कटलेला असतो. कधीकधी तर एरर सगळ्या जातात, प्रोग्रॅम चालतो आणि उत्तर साफ चुकीचं येतं. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षापासून नोकरीच्या पहिल्या वर्षापर्यंतची मुलं ही तक्रार घेऊन येतात, आणि जवळपास प्रत्येक वेळी कारण तेच निघतं.

कंपायलरच्या संदेशात दोन वेगळ्या गोष्टी असतात. ‘या जागेपर्यंत आलो आणि पुढे मला कळेना’ ही पहिली, आणि ती सहसा खरी असते. ‘तुम्हाला हे म्हणायचं होतं का?’ ही दुसरी, आणि तो अंदाज असतो. तुम्ही काय करायला निघाला होतात हे कंपायलरला माहीत नाही, त्याच्यासमोर फक्त लिहिलेलं आहे. पहिल्या भागावर विश्वास ठेवायचा आणि दुसरा तपासून घ्यायचा, एवढं जमलं की या चक्रातून सुटका होते. तपासायचं कसं, ते प्रत्येक प्रकारच्या चुकीत थोडं वेगळं आहे.

(खालच्या उदाहरणांत कीवर्ड, नावं, आकडे सगळं देवनागरीत लिहिलं आहे. तुमच्या फाइलमध्ये ते नेहमीच्या स्पेलिंगनेच येईल.)

सगळ्यात आधी: फक्त पहिली एरर बघा

पडद्यावर वीस एरर दिसल्या तरी चुका वीस नसतात. पहिल्या चुकीपाशी कंपायलर अडखळतो, काहीतरी गृहीत धरून पुढे वाचायला लागतो, आणि ते गृहीत चुकलं की पुढचा बरोबर कोडही त्याला चुकीचा दिसतो. म्हणून टर्मिनल वर सरकवत न्या, पहिली एरर शोधा, तिच्या खाली ‘नोट’ किंवा ‘हेल्प’ म्हणून आलेल्या ओळीही वाचा, तेवढंच दुरुस्त करा आणि पुन्हा कंपाइल करा. शेवटची एरर डोळ्यांसमोर असते म्हणून तिथून सुरुवात करणारे खूप आहेत. त्यांचा वेळ तिथेच जातो.

एका फटक्यात सगळ्या चुका काढायची सक्ती कधीकाळी खरोखर होती. १९७० च्या दशकात कॉर्नेल विद्यापीठात पीएल/सी नावाचा कंपायलर विद्यार्थ्यांसाठी वापरात होता. तो चूक दाखवून थांबत नसे, स्वतःच ती दुरुस्त करून प्रोग्रॅम चालवून बघत असे. पंचकार्डांचा गठ्ठा द्यायचा आणि निकालाची वाट बघत बसायचं, अशा काळात एका विसरलेल्या सेमीकोलनपायी अख्खी फेरी वाया जाऊ नये, हा त्यामागचा विचार होता आणि तो योग्यच होता. आज अभ्यासाचा प्रोग्रॅम सेकंदभरात कंपाइल होतो. एकेक चूक काढत दहा वेळा कंपाइल केलं तरी काही जात नाही.

सेमीकोलन भलत्याच ओळीवर दाखवतो

‘आठव्या ओळीवर एरर आहे, पण आठव्या ओळीत काहीच चुकलेलं नाही.’ बहुतेक वेळा चूक सातव्या ओळीच्या शेवटी असते. सी भाषेत ओळ संपली म्हणून विधान संपत नाही. त्यामुळे सेमीकोलन राहिला तर कंपायलर पुढच्या ओळीतला पहिला शब्द वाचेपर्यंत त्याला शंकाच येत नाही, आणि जिथे शंका आली तिथेच तो बोट ठेवतो. टर्बो सी या जुन्या कंपायलरवर शिकलेल्यांना हे पाठ असतं.

जीसीसी या सी भाषेच्या कंपायलरमध्ये, २०१८ मध्ये आलेल्या जीसीसी ८ पासून, हे बरंच सुधारलं. रिटर्नसारख्या साध्या विधानानंतर सेमीकोलन राहिला तर नवा जीसीसी आधीच्या ओळीच्या शेवटी खूण करतो आणि तिथेच सेमीकोलन काढून दाखवतो. पण व्हेरिएबल डिक्लेअर करणाऱ्या ओळीनंतर राहिला तर संदेश येतो ‘स्वल्पविराम किंवा सेमीकोलन अपेक्षित’, आणि खूण पुन्हा पुढच्या ओळीवर. कारण तिथे दोन्ही चालले असते. कुठलं एक हवं हे ठरवता येत नाही म्हणून तो सुचवतही नाही. संदेशात ‘किंवा’ दिसला की नजर एक ओळ वर न्यायची.

याचंच त्रासदायक रूप हेडर फाइलमध्ये दिसतं. स्वतःच्या हेडरमध्ये स्ट्रक्चर लिहिलं, शेवटच्या महिरपी कंसानंतर सेमीकोलन राहिला आणि तीच हेडरची शेवटची ओळ आहे, असं समजा. इन्क्लूड म्हणजे त्या जागी फाइलचा मजकूर जसाच्या तसा चिकटवणं. तुमच्या हेडरनंतर एसटीडीआयओ ही सिस्टिमची हेडर जोडलेली असेल, तर कंपायलर अडखळतो थेट सिस्टिमच्या हेडरमध्ये! मग मुलं कंपायलर काढून नव्याने टाकतात. सिस्टिमच्या हेडरमध्ये एरर दिसली तर तिच्या आधी जोडलेल्या आपल्या फाइलची शेवटची ओळ बघा. सिस्टिमची फाइल कधीही बदलू नका, कंपायलरने त्या जागी काहीही सुचवलं तरी.

राहिलेल्या कंसाची गोष्टही अशीच. पायथनमध्ये ३.९ पर्यंत न मिटलेल्या कंसासाठी पुढच्याच ओळीवर ‘इनव्हॅलिड सिंटॅक्स’ यायचं. २०२१ च्या ३.१० पासून तो सरळ सांगतो की हा कंस उघडला आणि मिटलाच नाही. जुन्या पायथनवर अडकला असाल तर आधी व्हर्जन वाढवा.

‘डिड यू मीन’ विचारतो, हो म्हटलं, आणि उत्तर चुकलं

मला सगळ्यात जास्त काळजी याच प्रकाराची वाटते, कारण इथे एरर जाते आणि चूक राहते.

एक ते नमपर्यंतच्या संख्यांची बेरीज करायची आहे. नममध्ये पाच आहे. सम डिक्लेअर करायचा राहून गेला:

फॉर (आय = १; आय <= नम; आय++)
    सम = सम + आय;

जीसीसी म्हणतो: सम डिक्लेअर केलेला नाही, तुम्हाला नम म्हणायचं होतं का? संदेशाचा पहिला अर्धा भाग शंभर टक्के बरोबर, दुसरा शंभर टक्के चूक. घाईत सगळीकडे सम खोडून नम केलं की एकही एरर उरत नाही. आता काय होतं ते बघा. पहिल्या फेरीत नम पाचाचा सहा होतो, मग आठ, अकरा, पंधरा. ज्या मर्यादेपर्यंत पोचायचं तीच प्रत्येक फेरीत पुढे पळते. ३२ बिटांच्या इंटमध्ये मावेनासं होईपर्यंत लूप फिरत राहतो आणि मग संख्या उलटून ऋण होते. ऑप्टिमायझेशन बंद असेल तर पडद्यावर पंधराऐवजी सहसा -२,१४,७४,५०,८७५ येतं. विद्यार्थी लूपची अट तपासत बसतो आणि तिथे तर काहीच चुकलेलं नसतं.

कंपायलरने नमच का सुचवला? तो नावांमधलं अंतर मोजतो. एक नाव दुसऱ्यात बदलायला किती अक्षरं घालावी, काढावी किंवा बदलावी लागतील, एवढाच तो हिशेब. व्लादिमीर लेव्हेनश्टाइन या सोव्हिएत गणितज्ञाने १९६५ मध्ये हे माप मांडलं, म्हणून ते त्याच्या नावाने ओळखलं जातं. जीसीसी, सी भाषेचाच दुसरा कंपायलर क्लँग, रस्ट या भाषेचा कंपायलर, सगळे साधारण असंच करतात: त्या ठिकाणी ओळखीची असलेली नावं घ्यायची, सगळ्यात जवळचं निवडायचं आणि अंतर नावाच्या लांबीच्या साधारण एक तृतीयांशात असेल तरच सुचवायचं. सम आणि नम इंग्रजी स्पेलिंगमध्ये तीन अक्षरांचे, फरक एका अक्षराचा, म्हणजे मर्यादेत बसले. व्हेरिएबल कशासाठी आहे याचा या हिशेबात कुठेच संबंध येत नाही.

म्हणून नाव जितकं लांब तितकी सूचना भरवशाची. पंधरा अक्षरांच्या नावात दोन अक्षरं उलटसुलट झाली असतील तर सूचना डोळे मिटून घ्यावी. तीन-चार अक्षरांचं नाव सुचवलं असेल तर आधी स्वतःला विचारा: हे नाव मी डिक्लेअर केलं होतं का? नसेल तर ती टायपिंगची चूक नाही, डिक्लेअर करायची ओळच राहिली आहे, आणि ती ओळ कंपायलर सुचवणार नाही. व्हेरिएबलना अर्थाची, जरा लांब नावं द्यावीत असं शिक्षक सांगतात त्याचा हाही एक फायदा आहे. आय, जे, के च्या जंगलात कंपायलरही तुम्हाला मदत करू शकत नाही.

सूचना बरोबर, पण अर्धी

जुन्या नोट्समधून गेट्स फंक्शन वापरलं की आजचा जीसीसी विचारतो: एफगेट्स म्हणायचं होतं का? योगायोगाने ही सूचना अगदी योग्य आहे. गेट्सला बफर, म्हणजे वाचलेली ओळ ठेवायची जागा, किती मोठा आहे ते कळत नाही, लांब ओळ आली की तो पुढची मेमरी खराब करतो, म्हणूनच सी११ या प्रमाणातून ते काढून टाकलं. पण कंपायलरने ते या कारणासाठी सुचवलेलं नाही, नावात एका अक्षराचा फरक आहे म्हणून सुचवलं आहे. नुसतं नाव बदललं की ‘आर्ग्युमेंट कमी आहेत’ ही एरर येते, कारण एफगेट्सला तीन गोष्टी लागतात: बफर, त्याचा आकार आणि कुठून वाचायचं ते, म्हणजे इथे एसटीडीइन. त्या दिल्या की प्रोग्रॅम कंपाइल होतो, पण अशा वाचलेल्या ओळीत पासवर्ड असेल तर आता तो जुळत नाही! गेट्स ओळीच्या शेवटचं एंटर टाकून द्यायचा, एफगेट्स ते बफरमध्ये ठेवतो. स्ट्रिंग तुलना करण्याआधी ते काढावं लागतं. सूचना एका अक्षराची होती, बदल तीन ठिकाणी करावा लागला. नवं फंक्शन सुचवलं गेलं की त्याचं मॅन्युअल पान उघडून आर्ग्युमेंट आणि परत मिळणारी किंमत वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

वर्गमूळ काढणाऱ्या एसक्यूआरटीचंही तसंच. कंपायलर मॅथ हेडर जोडायला सांगतो, जोडली, तरी लिनक्सवर ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ येतं. ही एरर कंपायलरची नाहीच, कंपाइल झालेले तुकडे आणि लायब्ररी जोडणाऱ्या लिंकरची आहे. हेडरमध्ये फक्त फंक्शनची ओळख असते, प्रत्यक्ष कोड गणिताच्या लायब्ररीत असतो आणि तिच्यासाठी आज्ञेच्या शेवटी, फाइलच्या नावानंतर, -एलएम लिहावं लागतं. आधी लिहिलं तर बऱ्याच सिस्टिमवर चालत नाही. गंमत अशी की एसक्यूआरटीला थेट १६ दिले तर -एलएमशिवायही चालतं, कारण तो हिशेब जीसीसी कंपाइल करतानाच उरकून टाकतो. व्हेरिएबल दिलं की अडतं. ‘काल चालत होतं’ या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच असतं. जीसीसी १४ पासून, म्हणजे २०२४ पासून, सी मध्ये ओळख न देता फंक्शन वापरणं ही वॉर्निंग राहिली नसून एरर झाली आहे, त्यामुळे जुने प्रोग्रॅम नव्या मशीनवर अचानक अडतात. ते चांगलंच आहे.

वॉर्निंग गप्प झाली, चूक तशीच

इफच्या अटीत == च्या जागी एकच = पडला की जीसीसी -डब्ल्यूऑल हा जास्त वॉर्निंग दाखवणारा पर्याय लावल्यावर वॉर्निंग देतो आणि सुचवतो काय, तर त्याभोवती कंस घाला. मुलं कंस घालतात, वॉर्निंग जाते, अट मात्र आधीसारखीच चुकलेली राहते. कंस घालणं म्हणजे ‘मला इथे खरोखर किंमत द्यायचीच आहे, चूक नाही’ असं कंपायलरला सांगणं. क्लँग इथे जास्त प्रामाणिकपणे वागतो. तो दोन नोट देतो: किंमतच द्यायची असेल तर कंस घाला, तुलना करायची असेल तर == करा. निवड तुमच्याकडे सोपवतो.

क्लँगच्या मागे यासाठी लिखित नियम आहे. एरर किंवा वॉर्निंगला थेट जोडलेली दुरुस्ती आपोआप लागू केली जाऊ शकते, म्हणून ती जवळजवळ खात्रीची असेल तरच द्यायची, आणि वॉर्निंगवरच्या दुरुस्तीने प्रोग्रॅमचा अर्थ बदलता कामा नये. अर्थ बदलू शकणारे पर्याय खालच्या नोटमध्ये जातात. हे माहीत असलं की वाचण्याची पद्धत बदलते: नोट दोन असतील तर दोन्ही वाचूनच हात लावायचा.

रस्टमध्ये ही प्रतवारी आणखी स्पष्ट आहे. तिथे प्रत्येक सूचनेला आतून एक शिक्का असतो: यंत्राने लागू करायला हरकत नाही, कदाचित चूक असेल, यात जागा भरायच्या आहेत, किंवा ठरवलेलं नाही. कार्गो फिक्स ही आज्ञा एरवी फक्त पहिल्या शिक्क्याच्या दुरुस्त्या करते. बाकीच्या तुमच्या तुम्ही. मूव्ह झालेली, म्हणजे मालकी दुसरीकडे गेलेली, व्हॅल्यू पुन्हा वापरली की येणारी ई०३८२ ही एरर नव्या लोकांना रोज भेटते, आणि तिच्यासोबत क्लोन, म्हणजे व्हॅल्यूची प्रत, करायची सूचना बऱ्याचदा असते, ‘त्याची किंमत परवडत असेल तर’ अशा अटीसह. ती अट कोणी वाचत नाही आणि कोडभर क्लोन पसरतात. बहुतेक वेळा & लावून उधार दिलं असतं तरी काम भागलं असतं. या भाषेत --एक्सप्लेनपुढे एररचा क्रमांक दिला की उदाहरणासकट पूर्ण खुलासा मिळतो. तो वाचायला पाच मिनिटं लागतात आणि तीच चूक पुन्हा होत नाही.

ओळ बरोबर दिसते आणि कंपायलर ऐकतच नाही

कोड पीडीएफ, वर्ड किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरून कॉपी केला असेल तर आधी हेच बघा. वर्ड सरळ अवतरण चिन्हांची वळणदार चिन्हं करतो. डोळ्यांना फरक जाणवत नाही, कंपायलरला जाणवतो. जीसीसीच्या अनेक व्हर्जनवर ‘स्ट्रे ३४२’, ‘स्ट्रे २००’, ‘स्ट्रे २३४’ अशा तीन एरर एकाच जागी येतात (स्ट्रे म्हणजे कोडमध्ये न बसणारं भलतं चिन्ह). त्या तीन वेगळ्या चुका नाहीत, एका वळणदार अवतरण चिन्हाचे ते तीन बाइट आहेत, अष्टमान पद्धतीत. ३०२ आणि २४० अशी जोडी आली तर ती न तुटणारी मोकळी जागा, वेबपानांवरून हमखास येते. शेवट २२३ ने झाला तर वजा चिन्हाऐवजी लांब डॅश आला आहे.

मराठीत नोट्स टाइप करणाऱ्यांसाठी आणखी एक: ३४२, २००, २१५. हा शून्य रुंदीचा जोडक आहे. ‘दुसर्‍या’, ‘तर्‍हा’ यांतला अर्धा र काही कीबोर्डवर याच अदृश्य चिन्हाने बनतो. कमेंटमध्ये किंवा अवतरण चिन्हांच्या आत असेल तर काही बिघडत नाही. कॉपी करताना कोडच्या ओळीला चिकटून आला तर ओळ शंभर वेळा बघूनही काही दिसणार नाही. पायथन अशा वेळी ‘न छापता येणारं अक्षर’ म्हणून त्याचा युनिकोड क्रमांक सांगतो, रस्ट तर वळणदार अवतरण चिन्हाचं नाव सांगून त्याच्यासारखं दिसणारं योग्य चिन्हही सुचवतो. देवनागरी आकड्यांचं एक वेगळंच आहे: पायथनमध्ये इंट फंक्शनला ‘१२’ ही स्ट्रिंग दिली तर तो बिनतक्रार बारा देतो, पण कोडमध्ये थेट १२ असं देवनागरीत लिहिलं तर एरर.

अशी शंका आली की ओळ दुरुस्त करत बसू नका. ती पूर्ण खोडून कीबोर्ड इंग्रजीवर आणून हाताने टाइप करा. एडिटर व्हीएस कोड असेल तर अशा चिन्हांभोवती तो चौकट दाखवतो, ती चौकट बंद करू नका.

कॉलेजमध्ये अजून टर्बो सी असेल तर तिथे यातली कुठलीच सूचना मिळणार नाही, तो आजच्या काळचा कंपायलरच नाही. घरच्या मशीनवर नवा जीसीसी किंवा क्लँग टाका, -डब्ल्यूऑल कायम लावा, आणि सबमिशनपुरतं टर्बोवर चालवून बघा. घरच्या नव्या कंपायलरसाठी कोनिओ हेडर आणि क्लिअर स्क्रीनची ओळ तेवढी काढावी लागेल. व्हॉइड मेनला क्लँग स्वतःच इंट करायला सांगेल. ती सूचना बिनधास्त घ्या.

हे सगळं करूनही अडलात आणि कोणाला विचारायची वेळ आली, तर मोबाइलने काढलेला अर्ध्या पडद्याचा फोटो पाठवू नका. पहिली एरर तिच्या नोटसकट मजकूर म्हणून कॉपी करा, कंपाइल करताना दिलेली पूर्ण आज्ञा आणि कंपायलरचं व्हर्जन लिहा, आणि सूचना पाळण्याआधीचा मूळ कोड जोडा, बदललेला नाही.